परत सांगतो

उन्हाळी किमान लागू झालं त्याच दुपारी वनिता उरकुडेला कूलर आणि नवरा यांतल्या एकालाच चालू ठेवता येणार होतं. तिने कूलर बंद केला.

उन्हाळी किमान हा सरकारचा नवा नियम. भर दुपारी सगळ्या राज्याचे एसी एकदम सुरू होतात आणि तारा तापतात, म्हणून तेवढा वेळ प्रत्येक घराला ठरावीकच वीज. कूलर, फ्रिज आणि एखादा दिवा चालेल इतकी. त्यापुढे गेलात की मीटर आधी शिट्टी मारतं आणि तरी ऐकलं नाही तर घरच बंद करतं. ज्या चंद्रपुरात पिढ्यान्पिढ्या कोळसा जाळून लांबलांबच्या गावांना वीज पाठवली गेली, तिथेच लोक आता मिक्सर लावायच्या आधी फ्रिजची पिन काढत होते. दिव्याखाली अंधार, असं कॉलनीतले म्हातारे रोज म्हणत. रोज म्हणण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

नवरा चालू ठेवायचा म्हणजे काय, ते सांगायला हवं.

हेमराज उरकुडे कॉलनीपलीकडच्या उपकेंद्रात ऑपरेटर होता. निवृत्तीला थोडा अवकाश असताना त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला, पाय अर्धा गेला आणि बोलणं पूर्ण गेलं. समजत मात्र सगळं होतं. शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट तुटली आहे, असं डॉक्टर म्हणाले. मग त्याच्या गळ्यावर एक पट्टी आली, बोटभर रुंद, चिकटपट्टीसारखी. माणूस बोलायचं मनात आणतो तेव्हा आवाज फुटला नाही तरी गळ्याचे आणि जबड्याचे स्नायू कणभर हलतात आणि विजेची बारीक लहर उठते. पट्टी ती लहर पकडून घरातल्या संगणकाकडे पाठवते.

त्या संगणकात दोन कामगार बसलेले आहेत असं समजा. पहिला ऐकणारा. तो लहरींतून शब्द ओळखतो, आणि त्याचं काम अवघड असतं, कारण आजारी माणसाची लहर क्षीण आणि गढूळ असते. दुसरा जुळवणारा. त्याने असंख्य माणसांची बोलणी वाचलेली असतात आणि समोरचा काय विचारतोय तेही तो ऐकत असतो, त्यामुळे पहिल्याने दोन शब्द दिले की हा मधले आठ स्वतः भरतो आणि वाक्य पुरं करतो. मग भिंतीवरच्या स्पीकरमधून ते वाक्य हेमराजच्या जुन्या आवाजात ऐकू येतं. माणसाच्या शरीरातून निघालेली माहिती घराबाहेर न्यायची नाही असा कायदा झालेला होता, म्हणून हा सगळा कारभार घरच्याच यंत्रावर. अशा यंत्राला सगळे पेटी म्हणत.

वनिताची पेटी गव्हाच्या डब्याएवढी होती. तिची मुलगी रुचिता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये होती, तिने आपला खेळ खेळायचा जुना कंप्युटर पाठवलेला. तो एकटा कूलरपेक्षा जास्त वीज खायचा. इतके दिवस दुपारी वीज गेली तर ती बॅटरीवर चालायची, पण या वर्षी बॅटरी पोळीसारखी फुगली आणि ती अंगणात नेऊन ठेवावी लागली.

पेटीतला हेमराज मात्र चांगला बोलायचा.

‘चहा छान झालाय, वनिता.’ ‘तू जेवलीस का?’ ‘फार दगदग करतेस तू.’ लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हेमराजने चहाला कधी छान म्हटलं नव्हतं. कप रिकामा झाला म्हणजे छान. तिला वनिता अशी हाकही त्याने कधी मारली नव्हती. ‘अवो’ म्हटलं की तिने समजून घ्यायचं. आजारपणात माणूस मऊ होतो, असं वनिता शेजारणीला सांगायची. सुरुवातीला हेमराज डाव्या हाताने वाटी, चमचा, मिळेल ते स्पीकरवर भिरकवायचा. तेव्हा पेटीच त्याच्या आवाजात म्हणायची, ‘माफ कर, आजाराने चिडचिड होते.’ वनिता माफ करायची आणि वाटी उचलायची. पुढे त्याने फेकणं सोडून दिलं.

तिचंही काहीतरी सुटलं होतं. आधी रडू यायचं, मग यायचं बंद झालं, आणि ते बंद झालंय हे लक्षात यायलाही वेळ लागला. जिल्हा परिषदेच्या शाळेत ती गणित आणि विज्ञान शिकवायची. आता कशाचंच वाईट वाटत नव्हतं आणि बरंही वाटत नव्हतं. औषधं, अंघोळ, कपडे, पट्टी पुसून पुन्हा चिकटवणं, एवढं करत दिवस जात होता. तिला त्याची तक्रार नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात हेमराजचा धाकटा भाऊ लीलाधर मूल गावी अचानक वारला. लीलाधर राइस मिलमध्ये होता. भावाचं बोलणं गेल्यापासून तो एक रविवार सोडून एक रविवार बसने यायचा, खुर्चीसमोर पाट घेऊन बसायचा आणि भावाची नखं कापायचा. बोलायचा नाही फारसा. कोपऱ्यातली नखं नीट गोळा करायचा, चहा घ्यायचा आणि परतीची बस पकडायचा. तो गेल्याचा फोन आला तेव्हा वनिताने हेमराजच्या समोर बसून त्याला सांगितलं. पेटी जरा थांबून म्हणाली, ‘फार वाईट झालं. पण या उन्हात मला नेणं तुला झेपणार नाही. तू जाऊन ये, मी घरी थांबतो.’ किती समजूतदार झालाय हा, असं वनिताला वाटलं. शेजारणीला बसवून ती एकटीच मूलला जाऊन आली.

तर आता पेटी की कूलर. कूलर बंद करून तिने हेमराजच्या अंगावर ओला पंचा टाकला, तरी दुपार सरेपर्यंत त्याचे डोळे जड झाले आणि ओठ सुकले. संध्याकाळी रुचिताशी बोलणं झालं. एवढा मोठा हत्ती पोसायची गरजच नाही, असं रुचिता म्हणाली. पत्त्याच्या पानाएवढ्या एका पाटीवर आख्खा कंप्युटर मिळतो, त्याला सिंगल बोर्ड म्हणतात, चंद्रपुरातही मिळेल, जाऊन घेऊन ये. मग तिने काय काय बघायचं ते भराभरा सांगितलं. उंटावरून शेळ्या हाकायचं काम पुण्याहून चांगलं जमतं.

गोल बाजाराच्या मागे ढवसचं दुकान होतं. सोलरचे चार्जर, मीटर, बोर्ड, असलं सगळं. ढवस बोलघेवडा माणूस. त्याने तिच्यासमोर तीन बोर्ड मांडले आणि प्रत्येकाचा वेग सांगायला लागला. वनिताने त्याला थांबवून विचारलं, काही काम नसताना कोणता किती वॅट खातो? घरची पेटी दिवसभर चालू असते, पण बराच वेळ ती नुसती बसून असते. तेव्हा धावताना किती खातो यापेक्षा बसून किती खातो हे मोलाचं, हे साधं गणित होतं. ढवसने डब्यावर बघितलं, डब्यावर ते लिहिलेलं नव्हतं. शेवटी त्याने वॅट मोजायचा प्लग लावला आणि दोघांनी मिळून आकडे वाचले.

मोठा बोर्ड बसूनसुद्धा बराच खात होता, तो बाजूला ठेवला. मधल्या बोर्डावर भाषेचं गणित करणारी वेगळी चिप होती. जुळवणारा कामगार जरासा छाटून घेतला की त्यावर आरामात मावेल आणि हेमराज पहिल्यासारखा बोलेल. धाकट्यावर तशी चिप नव्हती. तो जेमतेम चार वॅट खायचा, एखाद्या लहान एलईडी बल्बइतके, आणि त्याला पंखाही लागायचा नाही. चंद्रपूरच्या उन्हात हेही बघावं लागतं. चिप तापली की स्वतःला वाचवायला स्वतःच मंद होते, आणि लहान पंखे इथल्या धुळीत वर्षभरही टिकत नाहीत.

वनिताने मधला घ्यायचं ठरवलं. रुचिताचंही तेच म्हणणं होतं. पण तो दुकानात फक्त दाखवण्यापुरता होता, नागपूरहून मागवावा लागणार होता, आणि उन्हाळ्यात सगळ्यांनाच तो हवा असल्यामुळे किती दिवस लागतील ते ढवसला सांगता येईना. तोवर दुधाची तहान ताकावर, म्हणून तिने धाकटा घेतला. डबी, वीजपुरवठ्याचा प्लग, मेमरी कार्ड असं एकेक जोडता जोडता नाकापेक्षा मोती जड झालं. कार्डावर सतत लिहीत राहिलं की ते मरतं, कायमचा वापर असेल तर डिस्क घ्या, असं ढवस म्हणाला. कायमचा नाहीये, असं वनिताने सांगितलं.

रुचिताने फोनवरून बोर्ड लावून दिला. जुळवणारा या बोर्डाच्या मेमरीत मावत नव्हता, म्हणून तिने ऐकणारा तेवढा ठेवला. ज्या शब्दाची पुरी खात्री पटेल तोच उच्चारायचा, नाहीतर गप्प बसायचं, असा नियम घातला. मोठ्या पेटीवर होता तसाच एक हिरवा दिवा ठेवला, पट्टी अंगाला लागलेली आहे एवढं सांगणारा. बाबा थोडे दिवस तुटक बोलतील, मनावर घेऊ नकोस, असं ती म्हणाली.

हेमराज तुटकही बोलला नाही. तो काहीच बोलला नाही.

दुपारी कूलर चालू होता, खोली गार होती, दिवा हिरवा होता आणि भिंतीवरचा स्पीकर मुका होता. वनिताने सवयीने विचारलं, चहा कसा झाला. हेमराजने तिच्याकडे बघितलं. कप रिकामा होता. ती कप घेऊन आत गेली. बोर्ड बिघडलाय की काय म्हणून तिने रुचिताकडून तपासून घेतलं, तर बोर्ड ठणठणीत होता.

पुढे एक दिवस स्पीकरमधून ‘पाणी’ आलं. एवढाच शब्द, आणि तो यायला इतका वेळ लागला की वनिता तोवर दोनदा आत-बाहेर करून आली होती. तिने पाणी दिलं, तो प्यायला. दुसऱ्या दिवशी ‘खिडकी’ आलं. तिने खिडकी उघडली तर त्याने मान हलवली, म्हणून तिने पडदा ओढला आणि डोळ्यांवरचं ऊन गेलं. आजवर ते ऊन रोज त्याच्या डोळ्यांवर येत असणार. पेटीने ते कधी सांगितलं नव्हतं. पेटी त्या वेळी साधारणपणे तिने आराम करावा असं सांगत असे.

मग रविवार आला. रविवारी सकाळी हेमराज डावा हात खुर्चीच्या हातावर पालथा ठेवायचा आणि बोटं फाकायचा. गेलं वर्षभर त्याने तसं केलं की वनिता हात दुखतो का विचारायची, पेटी म्हणायची, ‘हात दुखतोय गं जरा,’ आणि वनिता तेल कोमट करून चोळून द्यायची. आजही त्याने बोटं फाकली. वनिता तेलाची वाटी घेऊन आली आणि खाली बसली, पण स्पीकर काही बोलला नव्हता म्हणून तिने हात लावला नाही, नुसती थांबली. हेमराजच्या गळ्यावरची पट्टी हलल्यासारखी वाटली. बऱ्याच वेळाने स्पीकर म्हणाला, ‘लीलाधर.’

वनिताने त्याच्या बोटांकडे बघितलं. नखं तीच कापायची हल्ली, आठवण होईल तेव्हा, घाईघाईने. ती वाढली होती. तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली.

त्या दिवशी तिने त्याची नखं कापली. तिला वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. फळ्यावर मांडलेलं गणित शेवटच्या पायरीला येऊन जुळू नये आणि मग चूक वर कुठे आहे ते शोधावं लागावं, तसं काहीसं तिला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाळी किमान सुरू व्हायच्या आत तिने जुनी मोठी पेटी पुन्हा जोडली. हेमराज अंघोळीनंतर बाहेर ओसरीवर बसला होता. पट्टी पुसायला म्हणून तिने त्याच्या गळ्यावरून काढलेली होती. परातीत पोळ्यांची कणीक मळून तयार होती, मीठ-पाणी घातलेली. वनिताने ती पट्टी कणकेच्या गोळ्यावर चिकटवली. ओल्या, खारट वस्तूतून वीज वाहते, हे सातवीच्या मुलांना तिने कितीदा शिकवलं होतं. दिवा हिरवा झाला. पट्टी माणसाच्या अंगाला लागली आहे, असं पेटीला वाटलं.

“चहा कसा झाला?” वनिताने कणकेला विचारलं.

स्पीकर थोडा थांबला. ‘छान झालाय, वनिता,’ हेमराजचा आवाज म्हणाला.

तिने विचारलं, हात दुखतो का? ‘जरा दुखतोय. तू तेल लावलंस की बरं वाटतं.’ कणकेला हात नव्हता. तिला धक्का बसायला हवा होता, पण बसला नाही. मन सुन्नच होतं. मग तिने परात जरा पुढे ओढली आणि गेल्या उन्हाळ्यात जशी बोलली होती तशीच बोलली. “मूलहून फोन आला. लीलाधर भाऊजी गेले. जायचं ना आपण?”

‘फार वाईट झालं,’ कणीक म्हणाली. ‘पण या उन्हात मला नेणं तुला झेपणार नाही. तू जाऊन ये.’

वनिताने पट्टी काढली आणि धुतली. पेटी बंद केली. मग त्या कणकेच्या पोळ्या लाटल्या, कारण कणीक टाकून द्यायची तिची रीत नव्हती. दोघांनी त्या वांग्याच्या भाजीशी खाल्ल्या.

दुपारी तिने रुचिताला सगळं सांगितलं. रुचिता समजावून सांगू लागली. बाबांची लहर स्पष्ट असेल तेव्हा पेटी त्यांचंच बोलायची, ते खोटं नव्हतं. पण लहर बहुतेक वेळा गढूळ असायची, आणि लहर गढूळ झाली की जुळवणारा पुढे यायचा. अशा वेळी चांगला नवरा काय म्हणेल, ते त्याला पाठ होतं. त्याचं वाक्य ऐकून आपण खूश झालो, बोलणं नीट संपलं, की तो तेच पक्कं करायचा. म्हणजे आपणच त्याला शिकवत गेलो. गप्प बसायला त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

एवढं सांगून तिने विचारलं. “आई, मग दर रविवारी माझ्याशी कोण बोलून राहिलं होतं?”

वनिता म्हणाली की रविवारी दुपारी ते बहुतेक झोपलेले असत.

रुचिताला नागपूरचा बोर्ड हवा होता. त्यावर जुळवणाऱ्याला जरा लगाम घालता येईल, असं ती म्हणाली. सगळं नाही, थोडंसंच भरू देऊ. निदान बाबा बोलतात असं तरी वाटेल, घर इतकं सुनं होणार नाही, तुझ्यासाठीच म्हणतेय मी. थोडंसं म्हणजे किती, असं वनिताने विचारलं. रुचिता म्हणाली की ते आपण ठरवू. तेच तर, वनिता म्हणाली, ते आपण ठरवू.

फोन ठेवल्यावर ती आतल्या खोलीत जाऊन बसली. इतके दिवस हा माणूस त्या खुर्चीत बसून स्वतःच्याच आवाजात दुसऱ्याचं बोलणं ऐकत होता. वाट्या फेकून सांगत होता, तर त्याच्या वतीने माफीही मागून झाली होती. आणि तिला तो दुसरा आवडला होता. हे तिने मनाशी सरळ कबूल केलं. तो तिला वनिता म्हणायचा, आणि तसं आता कोणीच म्हणणार नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिला तेव्हा आठवली. उपकेंद्रात एक शिस्त असते. वरच्या कंट्रोल रूममधून फोन येतो की अमुक लाइन बंद करा. ऐकणाऱ्याने नुसतं हो म्हणून चालत नाही. त्याने आलेला निरोप शब्दाला शब्द परत सांगायचा, आणि समोरच्याने ‘बरोबर’ म्हणायचं. तोपर्यंत बटणाला हात लावायचा नाही, कारण लाइनवर कोणीतरी चढलेलं असू शकतं. परत न सांगितलेला निरोप हा निरोपच नव्हे. हेमराजने ही सवय घरी आणली होती. दुधाची एक पिशवी आणि कोथिंबीर आणा म्हटलं की दारात चपला घालता घालता तो म्हणायचा, परत सांगतो, दुधाची एक पिशवी, कोथिंबीर. आतून ‘बरोबर’ आल्याशिवाय पाऊल बाहेर पडायचं नाही. रुचिता लहानपणी त्याची नक्कल करायची. लग्नाच्या बोलणीत वनिताच्या वडिलांनी मुलगी पसंत आहे का विचारलं, तेव्हासुद्धा त्याने आधी प्रश्न परत सांगितला होता, आणि पाहुणे पोट धरून हसले होते. पेटीतल्या हेमराजने इतक्या काळात काहीही, एकदाही, परत सांगितलं नव्हतं. आणि ते तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

नागपूरचा बोर्ड आल्याचा ढवसचा फोन आला. वनिता दुकानात गेली. बोर्ड देखणा होता, चिपवर चकचकीत पत्रा बसवलेला. हातात घेऊन तिने तो नीट बघितला. आपली इच्छा क्षणभर तो घेण्याकडे झुकली हेही तिला कळलं. मग तिने तो डबीत ठेवला आणि धाकट्या बोर्डासाठी एक डिस्क आणि उष्णता खेचणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा मागितला.

ढवसला वाटलं काहीतरी घोटाळा होतोय. “मॅडम, त्याच्यावर माणूस बोलत नाही नीट,” तो म्हणाला. “गप्प बसणारी पेटी कोण घेते?”

तिने डिस्क पिशवीत टाकली आणि रिक्षा बघितली.

घरी येऊन तिने कार्ड काढून डिस्क लावली, ठोकळा बसवला आणि बोर्ड देवळीत, कूलरची हवा लागेल असा ठेवला. मोठ्या पेटीची वायर गुंडाळून ती पेटी माळ्यावर टाकली. हेमराज खुर्चीतून हे सगळं बघत होता. ती पाट घेऊन त्याच्यासमोर बसली, लीलाधर बसायचा तिथे.

“मोठी पेटी काढून टाकली मी,” ती म्हणाली. “ते तुम्ही नव्हते बोलत, ते आता समजलं मला. आता हीच राहते आपल्याकडे. हिला वेळ लागते, लागू द्या. तुम्ही बोलाल तेवढंच ऐकीन.”

हेमराज तिच्याकडे बघत राहिला. दिवा हिरवा होता. कूलरमधलं पाणी वाळ्यावर ठिबकत होतं. वनिता आत जाऊन चहा टाकून आली असती, पण या वेळी ती जागेवरून हलली नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. पट्टीखालचा गळा पुन्हा पुन्हा ताठ व्हायचा आणि सैल पडायचा.

‘परत,’ स्पीकर म्हणाला.

वनिता वाट बघत राहिली.

‘सांगतो.’

ती नकळत सरळ होऊन बसली. आता आपलंच वाक्य तो परत सांगेल असं तिला वाटलं. पेटी काढली, हीच राहते, वेळ लागते. ‘बरोबर’ म्हणायला ती तयार झाली. बाहेर भाजीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार चौकापर्यंत जाऊन विरला, तेव्हा पुढचा शब्द आला.

‘लीलाधर.’

आणि बऱ्याच वेळाने, ‘गेला.’

मग इतका वेळ काहीच आलं नाही की तिला वाटलं संपलं. पण हेमराजने नजर काढून घेतली नव्हती. त्याने डावा हात खुर्चीच्या हातावर घट्ट धरून ठेवला होता.

‘मले.’

‘नेलं.’

‘नाही.’

तो निरोप गेल्या उन्हाळ्यातला होता. तेव्हा त्याने तो ऐकला होता, पण परत सांगायला त्याला कोणी जागाच ठेवली नव्हती. तो सांगायच्या आत दुसरंच कोणी बोलून मोकळं झालं होतं. तेव्हापासून तो निरोप त्याच्याकडे तसाच अर्धवट पडून होता. आता त्याने तो पुरा करून तिच्याकडे दिला होता आणि तो थांबला होता.

वनिताकडे सांगण्यासारखं होतं. ऊन फार होतं. पेटीनेच नको म्हटलं होतं. तिला तरी काय माहीत. हे सगळं खरं होतं, पण यातलं काहीही त्या जागी बोलायची पद्धत नव्हती. निरोप परत सांगितला की समोरच्याने एकच शब्द बोलायचा असतो, आणि निरोप खरा असेल तर तो बोलावाच लागतो.

तिने तोंड उघडलं तर आवाज फुटेना. गळा हलला नुसता. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तेव्हा ते कशाचं म्हणून तिने आधी पदराने कपाळच पुसलं.

हेमराज थांबला. थांबायची त्याला सवय होती.

“बरोबर,” वनिता म्हणाली.